तुमच्या हेल्दी मेन्यूत उरलेली पोळी कुठंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'आठवड्याचा हेल्दी मेन्यू' म्हणून पानभर तक्ता आला होता तो आमच्या फ्रीजवर अजून चिकटवलेला आहे, कारण धाकट्याला त्यातला ब्रोकोलीचा फोटो आवडला, त्याला ते झाड वाटलं. बाकी त्याचा उपयोग शून्य. सात दिवस, रोज चार वेळा, म्हणजे अठ्ठावीस पदार्थ आणि एकही परत नाही! सोमवारी किनवाची खिचडी, मंगळवारी ओट्स, बुधवारी कसलंतरी सॅलड त्याला झुकिनी लागते. झुकिनी मिळतही असेल सोलापुरात, मी जाते त्या बाजारात तरी नाही बघितली. पण माझी तक्रार झुकिनीची नाहीच, त्या अख्ख्या तक्त्यात कुठंही उरलेली पोळी नाही हो. ज्या घरात पोळी उरत नाही, ज्या घरात काल रात्रीचा वाटीभर भात सकाळी ओट्यावर वाट बघत नाही, ते घर मला एकदा बघायचंय.

वर मथळा काय, तर 'होल फूड खा'. सासूबाईंनी मोठ्याने वाचला आणि विचारलं, होल म्हणजे भोक ना, मग मेदूवडा का? आम्ही हसलो, पण मग मी त्यांना सांगितलं की कारखान्यात न जाता शेतातून आलं तसं धान्य, डाळ, भाजी, फळ म्हणजे होल फूड. त्या म्हणाल्या मग ते तर जेवण झालं, त्याला वेगळं नाव कशाला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या घरात पाच माणसं. मी नोकरी करते, मिस्टर एमआयडीसीत शिफ्टला, सासूबाई, मोठी आठवीत, धाकटा दुसरीत. मे २०२४ मध्ये आयसीएमआरच्या हैदराबादच्या पोषण संस्थेने नवीन आहार सूचना काढल्या त्यात एका दिवसाचं ताट दिलंय, २००० कॅलरीचं. धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, फळं १००, डाळी-कडधान्य नाहीतर अंडी-मटण ८५, तेल-तूप २७ ग्रॅम. मी हिशेबातली बाई, लगेच मांडून बघितलं. पोरांचं कमी धरलं तरी भाजी दिवसाला पावणेदोन किलो, म्हणजे आठवड्याला बारा किलो! आमच्याकडे कांदे-बटाटे धरून सहाच्या वर कधी जात नव्हती. आणि तेल बरोबर उलटं, पाच जणांना महिन्याला चार किलो बसतं तर आमचा पाच लिटरचा कॅन वीस-बावीस दिवसांत उपडा. मिठाचंही तसंच, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणतात, म्हणजे एक किलोचा पुडा महिन्याच्या वर गेला पाहिजे, लोणचं-पापड-फरसाणातलं मीठ वेगळंच. मला वाटत होतं आम्ही घरचंच खातो म्हणजे चांगलंच खातो. तसं नव्हतं ते, आम्ही घरचं खात होतो पण त्यात पोळी-भात फार, तेल फार आणि भाजी तोंडी लावण्यापुरती.

आता बारा किलो भाजी आणायची, धुवायची, निवडायची कुणी? इथे सगळी गोम आहे आणि तुमच्या तक्त्यात याचा एक शब्द नाही. शेपूची जुडी पाच मिनिटात होत नाही, मेथी तर नाहीच, आणि अंबाडी निवडून, उकडून, पिळून, कण्या घालून, लसणाची फोडणी देऊन ताटात येईपर्यंत माझी ऑफिसची बस निघून जाते. म्हणून काय होतं, तर रात्री साडेसातला दमून घरात शिरायचं, फ्रीज उघडायचा, पालक पिवळा पडलेला दिसतो, फ्रीज बंद करायचा आणि बटाटे चिरायला घ्यायचे. नाहीतर पोरांना नूडल्स. त्यात सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, नूडल्स, फरसाण सगळ्यांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, म्हणजे पुडा फोडायला अजून एक निमित्त.

बरेच महिने असं चाचपडत गेल्यावर मला एक गोष्ट सापडली ती लिहायलाच हे पत्र आहे. मी मेन्यू लिहिणं बंद केलं आणि भिजवणं लिहायला लागले. कालनिर्णयच्या चौकोनात जिथे दुधाचे खाडे लिहायचो तिथेच आता पेन्सिलीने 'मटकी', 'हरभरे', 'दही लाव', 'मेथी निवड' एवढंच असतं, आणि ते आदल्या दिवशीच्या चौकोनात. मटकी सकाळी भिजत घातली, रात्री उपसून फडक्यात बांधली की उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मोड, थंडीत अजून एक दिवस. एकदा मटकी फडक्यात बांधली की तिची उसळ करावीच लागते, ती काय नाही म्हणू देत नाही. पहिल्या दिवशी उसळ-भाकरी, थोडे मोड बाजूला काढलेले असतात ते वाफवून दुसऱ्या दिवशी कांदा-टोमॅटो-लिंबू मारून पोरांना शाळेतून आल्यावर, आणि जी उसळ उरते ती कोरडी करून तिसऱ्या दिवशी भाजणीच्या थालीपीठात. एक भिजवणं, तीन दिवस निघाले. तुमचे तज्ज्ञ याला काय म्हणतात ते मला माहीत नाही, आमच्याकडे याला संसार म्हणतात.

दुसरं म्हणजे वार नाही, पाण्याचा दिवस बघा. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातला प्रत्येक माणूस बादली, पिंप, पाइप याच्यात असतो. त्या दिवशी कसला ओट्सचा उपमा. त्या दिवशी आमच्याकडे कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कच्चा कांदा, काकडी, बस्स. गॅस पेटवायचा नाही. पूर्ण ज्वारीची भाकरी, पातळ थापून कडक भाजलेली, कित्येक दिवस टिकते, बचत गटाच्या बायका करतात त्यांच्याकडून घेते. २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जगभर साजरं झालं तेव्हा तुम्हीच ज्वारीचा पास्ता, ज्वारीचा पिझ्झा बेस छापलात, कडक भाकरी कुठे दिसली नाही बुवा. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, ज्वारीचं कोठारच ते, तिथल्या मालदांडी ज्वारीला जीआय, म्हणजे त्या गावच्या नावाची सरकारी नोंद मिळालीय, आणि मी तिचा पास्ता करू? आई वरून फोन करेल.

भाकरीचं पण एक लिहिते, नवीन मुली घाबरतात तिला. पीठ आठवड्याच्या हिशेबाने थोडं-थोडं दळून आणा. जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि थापताना चिरा पडतात, मग वाटतं आपल्यालाच जमत नाही. चूक पिठाची असते बरेचदा. आणि पाणी कडकडीत उकळतं घ्या.

पोरांचं म्हणाल तर मोठीच्या डब्यात भाकरी दिली की वर्गात हसतात, म्हणून ती नेत नाही, मी पण हट्ट सोडला. धपाटे नेते. तीच ज्वारी, थोडं बेसन-गव्हाचं पीठ, वर तीळ, त्याला कुणी हसत नाही. का ते मला आजपर्यंत कळलं नाही. धाकटा पालेभाजी दिसली की तोंड मिटतो, पण स्वतः निवडलेली मेथी खातो, निदान दोन घास तरी. मिस्टर क्रिकेट बघताना मेथी निवडतात आता. आधी देठं पण टाकायचे भाजीत, म्हणायचे फायबर आहे.

खरं भांडण मात्र त्यांच्याशी वेगळंच झालं होतं. ते म्हणाले मी पण करतो की स्वयंपाक, तू फक्त सांग काय करायचं. अहो, 'काय करायचं' हेच तर काम आहे! चिरणं, फोडणी देणं याला तास लागतो, पण फ्रीजमध्ये काय मरायला टेकलंय, कुणाला काल पित्त झालं होतं, सासूबाईंचा उपवास कधी, गॅस किती दिवसांचा राहिला, हे डोक्यात दिवसभर चालू असतं, ऑफिसात बिलं तपासताना पण. आता सोमवार ते बुधवार कॅलेंडरची पेन्सिल त्यांच्या हातात. पहिल्या आठवड्यात तीन दिवस हरभरे. सगळ्यांची पोटं फुगली, पण मी एक शब्द बोलले नाही (सासूबाई बोलल्या).

म्हणून माझी विनंती अशी की पुढच्या वेळी मेन्यू छापाल तेव्हा त्यात आदल्या रात्री काय भिजवायचं, काय उरेल आणि उरलेल्याचं उद्या काय होईल हे पण छापा. शेजारी त्या आठवड्याचे भाजीबाजाराचे भाव द्या, ते तुमच्याकडे असतातच, आतल्या पानावर बारीक टाइपात. ज्या भाजीचा भाव पडलाय तिच्याभोवती मेन्यू बांधा. थंडीत चाकवत, हरभऱ्याचा पाला, हुरडा इतकं आलेलं असतं की किनवा आठवायचं कारण नाही. आणि तो तक्ता बायकांच्या पुरवणीत टाकू नका, खेळाच्या पानावर छापा, आमच्याकडे ते पान आधी उघडतं.

नाव छापू नये, सासूबाई तुमचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. उद्या नळाला पाणी आहे, पिंपं घासायचीत अजून.

आपली,
एक वाचक, सोलापूर