देवबागच्या पाहुण्यांचं इंग्रजी

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

बाबा, वहीच्या पानाचा फोटो मिळाला. पाहुणे जे बोलतात ते कानाला येईल तसं देवनागरीत टिपून ठेवायचं, ही युक्ती झकास. फोनवर आवाज तुटतो, म्हणून लिहूनच कळवतेय.

तो उंच पाहुणा ‘अंडर द वेदर’ म्हणाला आणि तुम्ही त्याला छत्री दिलीत! अहो, त्याच्या अंगात कसर होती, पेज द्यायची. आणि आई, त्याची बायको सोलकढीला ‘रेन चेक’ म्हणाली, त्यात पाऊस नाही. ‘आत्ता नको, पुन्हा कधीतरी’ एवढंच. अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला की प्रेक्षकांना पुढच्या सामन्यासाठी चिठ्ठी देत, तिचं हे नाव. असं म्हणणारे सहसा परत मागत नाहीत, पण नकार गोड आहे की नाही?

‘थ्री शीट्स टू द विंड’ मात्र बाबा, माझ्या ऑफिसातल्यांपेक्षा तुम्हाला लवकर कळेल. इथे शीट म्हणजे चादर नव्हे, शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. हे दोर सुटले की शीड फडफडतं, होडी कशीही झुलत सुटते. तर्र झालेला माणूस तसाच चालतो. पाहुणा मित्राबद्दल तेच सांगत होता आणि तुम्ही चादरी मोजत बसलात! ‘बिटर एंड’ही बहुधा जहाजावरचंच. नांगराचा दोर ज्या खुंटांना बांधतात ते बिट. सोडत सोडत खुंटाकडच्या टोकाला आलात की पुढे सोडायला दोरच नाही. म्हणजे अगदी शेवटपर्यंत.

‘वन्स इन अ ब्ल्यू मून’ म्हणजे आपलं सटीसहामाशी. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीचा चंद्र तो ब्ल्यू मून. म्हण जुनी, हा हिशेब मात्र १९४६ साली एका अमेरिकन खगोल-मासिकातल्या चुकीने रूढ झाला. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा पार ३० ऑगस्टला गेली होती, आठवतंय? महिन्याच्या सुरुवातीला अधिकातली पौर्णिमा होऊन गेलेली. तेव्हा त्या वर्षी दर्याला नारळ दिलात तो ब्ल्यू मूनलाच.

‘पीस ऑफ केक’वाल्याला केक आणून देऊ नका, काम सोपं आहे म्हणाला तो.

शेवटच्या ओळीतलं तुमचं अक्षर लागत नाही. ‘हिट द सॅक’ आहे की ‘हिट द स्नॅक’? पहिलं असेल तर त्यांना झोपायचंय. दुसरं असेल तर आईलाच विचारा.

तुमची,
बायो