दोरीवरची गाठ

देवबाग, 14 जून

चि. सायलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर आवाज आधी माझाच चढला. तू फोन ठेवलास त्याचा राग नाही. पण तुझा खांदा दुखतो हे तुझ्या खोलीतल्या मुलीकडून आईला कळावं, हे मनाला लागलं. पावसाळ्याची मासेमारीबंदी लागली आहे, होडी वर ओढून शाकारली. दिवसभर पडवीत जाळी तुणत बसतो. हात चालतात आणि मन पुण्यात. खांद्याचं एकदाच लिहीन, पुन्हा नाही.

तू पाठवलेला व्हिडिओ मी कितीदा पाहिला ते विचारू नकोस. सुरुवातीचे थ्री-पॉइंटर, रेघेबाहेरून मारलेले ते तीन गुणांचे चेंडू, बघताना ऊर भरून येतो. गुडघे वाकतात, कोपर चेंडूखाली असतं आणि चेंडू सुटल्यावरही मनगट पुढे झुकलेलं राहतं. बाबल्याला, नानांना, मासळी न्यायला येतो त्या टेम्पोवाल्यालाही दाखवला. पण शेवटी शेवटी तुझे पाय ताठ होतात. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो, मग तो पोचवायला तू खांद्याने ढकलतेस.

मी बास्केटबॉल खेळलो नाही, पण पाग, हाताने फेकायचं जाळं, फेकलाय. जोर पायातून कमरेत आणि कमरेतून हातात येतो. कमर थकली की माणूस नुसत्या हाताने फेकतो, जाळं गोल उघडत नाही आणि खांदा मात्र जातो. माझा तसाच गेला. दोन वर्षं ‘होईल बरा’ म्हणत काढली. आता फळीवरचा डबा उतरवायलाही तुझ्या आईला हाक मारतो. तेव्हा रोज चारशे चेंडू मारायचा आकडा पुरा करायचा हट्ट सोड. रिंगजवळून सुरुवात कर, एकेक पाऊल मागे जा, आणि लागोपाठ दोन चेंडू पुढच्या कडेवर बसले की त्या दिवशी थांब. पाय दमल्यावर मारलेले शंभर म्हणजे चुकीच्या सवयीचा सराव.

बघ, शिकवायला लागलो. तुझ्या सरांना हे सगळं माझ्याहून जास्त कळतं. माफ कर.

खरं तर मला दुसरंच आठवत होतं. मागच्या दारच्या माडाला आपण रिंग ठोकली, बरोबर दहा फुटांवर. आपल्या वाळूत चेंडू टप्पाच घेत नाही, म्हणून इतर मुलींसारखं ड्रिबल करणं तुला जमायचं नाही. तू नुसती नेम धरायचीस. शाळेच्या कोर्टावरची तीन गुणांची रेघ जुनी, रिंगपासून 6.25 मीटरची. 2010 मध्ये ती 6.75 झाली हे आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ओरोसला निवडीला गेलो तेव्हा तुझा एकेक चेंडू अर्ध्या मीटरने कमी पडत होता. परतताना एसटीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस, कुडाळपासून घरापर्यंत शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी मी जाळ्याची दोरी घेतली. रिंगच्या मधोमध खाली खुंटी ठोकली, 6.75 वर गाठ मारली आणि वाळूत कमान ओढली. कोपऱ्यात रेघ सरळ, 6.60 ची, हे तूच कुठून तरी वाचून आलीस. रात्रीचा वारा ती पुसायचा, रोज संध्याकाळी आपण पुन्हा ओढायचो. दोन वर्षं. ती दोरी अजून पडवीत टांगलेली आहे, गाठीसकट.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. तू अकरा वर्षांची असताना मालवणच्या बाजारातून पहिला चेंडू मीच आणला. सात नंबरचा, सहाशे ग्रॅमच्या आसपास, पुरुषांचा. मोठा तो चांगला असं वाटलं. तुझ्या वयाला पाच नंबरचा हवा होता आणि मोठेपणी मुलींना सहाचा, हे कुठे ठाऊक होतं? तो जड चेंडू तू खांद्यावरून दोन्ही हातांनी ढकलायचीस आणि मी टाळ्या वाजवायचो. दमलीस की तू अजून तशीच ढकलतेस. व्हिडिओत ते दिसलं तेव्हा जाळं हातातून खाली ठेवलं. ही सवय माझ्यामुळे लागली असेल तर?

म्हणून रविवारी ओरडलो. तुझ्यावर नव्हे.

डॉक्टरांना दाखव. पैशांचं बघतो, आंब्याचे थोडे येणे आहेत. निवड पुढच्या वर्षीही होईल. (हे तुला आवडणार नाही, पण लिहिलेलं खोडत नाही.) आजी म्हणते, “चेडवाक सांग, रात्री खांद्याक खोबरेल लाव.” तात्यांसारखं सगळं पोटात ठेवू नकोस. जे असेल ते मला सांग, मी शांतपणे ऐकेन.

तुझा,
बाबा

ता. क. बाबल्या गुरुवारी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर आमसुलं, सुका बांगडा आणि आजीचे लाडू पाठवतोय. पिशवी जड आहे. डाव्या हाताने उचल.