बाई, तुमच्या ‘ली’बद्दल

आदरणीय बाईंस,
सा. न. वि. वि.

इंग्रजी शिकवल्याबद्दल तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहाचं आधण ठेवायला आत जाता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गोव्यात आमच्यासारख्या पुष्कळांची गत एकच. चौथीपर्यंत सरकारी शाळेत मराठी आणि पाचवीपासून सगळं इंग्रजी. हॉटेलच्या रिसेप्शनवर लागले, पाहुण्यांच्या मेलना उत्तरं लिहायचं काम आलं आणि क्रियाविशेषणांशी गाठ पडली. व्याकरणाच्या पुस्तकानं एका ओळीत आटोपलं होतं: विशेषणाला ‘ली’ (-ly) जोडा.

तुम्ही पहिल्याच संध्याकाळी त्या ‘ली’वरचा विश्वास उडवलात. ‘फ्रेंडली’ला ‘ली’ आहे, पण ते विशेषण. नामाला ‘ली’ लागली की बहुधा विशेषण होतं, विशेषणाला लागली की क्रियाविशेषण. ‘फास्ट’ला ती लागतच नाही. आणि ‘हार्ड’ला लागली तर अर्थच उलटा, ‘जेमतेम’. “‘द कुक हार्डली वर्क्स’ लिहिलंस तर मालक त्या बिचाऱ्याला घरी पाठवील. कळ्ळें मगो?”

पण खरे आभार आहेत ते ‘का’ सांगितल्याबद्दल. आपण ‘तो चांगला गातो, ती चांगली गाते’ म्हणतो. इथे ‘चांगला’ गाण्याच्या क्रियेबद्दल सांगतो, पण रूप विशेषणाचंच, लिंगाप्रमाणे बदलणारं. म्हणून आपल्या माणसाच्या तोंडून ‘शी सिंग्स गुड’ येतं. तो आळशी नसतो, मनातल्या मनात मराठी बोलत असतो. इंग्रजीला तिथे ‘वेल’ हवं. हे कळल्यावर नियम पाठ करावा लागला नाही.

उलट बाजूही तुम्हीच दाखवलीत. बांगडे ‘स्मेल बॅड’ की ‘स्मेल बॅडली’? ‘बॅडली’ म्हणजे बांगड्यालाच वास घेता येत नाही, त्याचं नाक चोंदलंय! स्मेल, टेस्ट, लूक, फील ही क्रियापदं कर्ता कसा आहे ते सांगत असली की पुढे विशेषणच. वर्गात सगळे हसले, पण तेव्हापासून ‘द सूप टेस्ट्स नाइसली’ कुणी लिहिलं नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला ‘ओन्ली’चा. आपला ‘च’ शब्दाच्या मागे चिकटतो, म्हणून ‘आय ॲम फ्रॉम फोंडा ओन्ली’. बोलताना चालतं, आवाजाच्या जोरावर समोरच्याला कळतं. लिहिताना मात्र ज्या शब्दाला मराठीत ‘च’ लागेल, त्याच्या लगेच आधी ‘ओन्ली’ ठेवायचं. ‘आम्ही रविवारीच मासे खातो’ म्हणजे ‘वी ईट फिश ओन्ली ऑन संडेज’. ‘ओन्ली वी ईट फिश’ म्हटलं तर अख्खं गाव शिवराक (शाकाहारी) ठरलं! आमच्या स्विमिंग पूलची पाटी मी याच कसोटीवर लिहिली: ‘ओन्ली गेस्ट्स मे यूज द पूल’, पाहुण्यांनीच वापरावा. तोच शब्द ‘द पूल’च्या आधी गेला असता, तर पाहुण्यांना पूल सोडून बाकी सगळं बंद.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकत नाही. ‘व्हेरी’, ‘रिअली’ काढून टाक, म्हणता. बरोबरच आहे, शब्द नेमका असला की त्यांची गरज पडत नाही. पण रात्री गिझर बंद पडलेल्या पाहुण्याला नुसतं ‘वी आर सॉरी’ फार कोरडं वाटतं हो. तिथे एक ‘व्हेरी’ ठेवतेच.

भाची यंदा पाचवीत गेली आहे. रविवारी तिला घेऊन येते. फी घेणार नाही हे ठाऊक आहे, निदान गणेशचवथीच्या नेवऱ्यांना तरी नको म्हणू नका.

आपली विद्यार्थिनी,
फोंडा