फुगलेल्या दारावर रंध्याची घाई नको

महोदय,

आषाढ लागला की कोकणात घरोघरी दारे अडकू लागतात आणि लोक सुताराला बोलावून ती तासून घेतात. भर पावसात हे काम करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मागीलदारच्या फणसाच्या दारावर आम्ही जुलैमध्ये असाच रंधा मारून घेतला. त्या दिवशी दार अलगद लागले. जानेवारीत मात्र दार आणि चौकट यांच्यामध्ये पेन्सिल जाईल एवढी फट पडली आणि अखेर कडेला पट्टी ठोकावी लागली. लाकूड हवेतली ओल शोषून रेषांना आडवे, म्हणजे उभ्या फळ्यांच्या दारात रुंदीला फुगते. उंचीत ते जवळजवळ वाढत नाही. हवा कोरडी झाली की ते पुन्हा आकसते, पण रंध्याने काढलेले लाकूड गेले ते गेलेच.

दार खरोखर फुगले आहे का, हे आधी पाहावे. कडीच्या बाजूचा फक्त वरचा कोपरा चौकटीला घासत असेल आणि खालचा कोपरा जमिनीला टेकत असेल, तर बहुधा वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार खाली बसलेले असते. अशा वेळी स्क्रू काढून भोकात फेव्हिकॉल लावलेली सागाची किंवा बांबूची काडी घट्ट ठोकावी, एक दिवस वाळू द्यावी आणि थोडा लांब स्क्रू पिळावा. माझ्या अनुभवात निम्मी दारे एवढ्यानेच सुटतात.

कड वरपासून खालपर्यंत घासत असेल, तर घासणाऱ्या जागी पेन्सिलीने खूण करून तिथे मेणबत्ती चोळावी आणि पावसाळा निभावून न्यावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच जागी फट पाहावी. ती २ ते ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तरच रंधा हातात घ्यावा आणि थोडे थोडे काढत जावे. वरची किंवा खालची कड तासताना रंधा कोपऱ्याकडून मध्याकडे चालवावा. बाहेरच्या दिशेने चालवल्यास टोकाची कपची उडते.

दाराच्या वरच्या कडेवर एकदा हात फिरवून पाहावा. बहुतेक घरांत तिथे कोरे, खरखरीत लाकूड हाताला लागते, कारण न दिसणारी ही कड रंगारी सोडून देतात. उभ्या फळ्यांची टोके तिथेच उघडी असतात आणि ओल सर्वांत भराभर टोकांतूनच शिरते. म्हणून उन्हाळ्यात रंगकाम ठरवतानाच दार बिजागरीतून उतरवून वरच्या आणि खालच्या कडेला प्रायमरचा एक आणि ऑइलपेंटचे दोन हात देण्याचे रंगाऱ्याशी आधी बोलून घ्यावे.

– एक वाचक, रत्नागिरी