अर्जावर ई-मेल मुलांचा स्वतःचाच हवा

संपादक महोदय,

मी कॅनडात मिसिसॉगाला राहते आणि इथल्या एका कॉलेजच्या प्रवेश विभागात पंधरा वर्षं नोकरी करते. ओळखीच्या पालकांचे मला सारखे फोन येतात. कॉलेजचं प्रवेशाचं पत्र हातात असताना कॅनडा सरकार ते खरं आहे का, हे पुन्हा कॉलेजला कशाला विचारतं, असा त्यांचा प्रश्न असतो.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये एक मुलगा आमच्या काउंटरवर आला. दोनच दिवसांपूर्वी विमानातून उतरला होता. पारदर्शक फाईलमधून त्यानं पत्र काढून दिलं. बोधचिन्ह आमचंच होतं, खाली सहीही होती, फक्त विद्यार्थी क्रमांकात एक आकडा जास्त होता. मी त्याचं नाव तीन तऱ्हांनी शोधलं. कुठेच नव्हतं. "मॅडम, फी तर भरलीय," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. फी त्यानं एजंटच्या हातात दिली होती. आणि त्याच बनावट पत्रावर त्याला स्टडी परमिट, म्हणजे कॅनडात शिकण्याचा सरकारी परवाना, मिळालं होतं, कारण प्रत्येक पत्र कॉलेजकडून पडताळून घेण्याची सक्ती तेव्हा नव्हती.

२०२३ च्या मे महिन्याच्या अखेरीस अशीच फसवणूक झालेली मुलं इथल्या एअरपोर्ट रोडवर देशाबाहेर काढण्याची कारवाई करणाऱ्या सीमा सेवा खात्याच्या कार्यालयाबाहेर तंबू ठोकून बसली होती. बहुतेक पंजाबची. मी डबे घेऊन जायचे. शिकून नोकरीला लागलेल्या, पण कायम वास्तव्याचा अर्ज केल्यावर पत्र खोटं असल्याचं कळलेल्या मुलांचे चेहरे मी विसरू शकत नाही.

त्याच वर्षी १ डिसेंबरपासून नियम आला. परमिटचा अर्ज गेला की इमिग्रेशन खातं थेट कॉलेजला विचारतं आणि आम्हाला १० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पत्र खरं नाही असं कळवलं, किंवा मुदतीत उत्तरच गेलं नाही, तर अर्ज रद्द होऊन फीसकट परत येतो. नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेजनं टाळाटाळ केली तर त्या कॉलेजचे नवे अर्ज एक वर्षापर्यंत थांबवता येतात. २०२४ मध्ये या पडताळणीत दहा हजारांहून अधिक संशयास्पद पत्रं सापडली. हे सगळं आधीच व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण पत्र अस्सल असूनही अर्ज परत गेलेला मी पाहिला आहे, आणि हे पत्र लिहायचं खरं कारण तेच. गेल्या वर्षी एका मराठी मुलीचं नाव पडताळणीच्या यादीत आलं. पत्र आम्हीच दिलेलं होतं, पण अनामत रक्कम भरायची तारीख उलटल्यामुळे तिची जागा रद्द झाली होती. त्याआधी आम्ही तीनदा आठवण पाठवली होती. ती सगळी गेली एजंटच्या ई-मेलवर, कारण प्रवेश अर्जात त्यानं स्वतःचाच पत्ता घातला होता. मला 'प्रवेश रद्द' असंच कळवावं लागलं. तिचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. "मला कुणी सांगितलंच नाही हो," असं अगदी हळू आवाजात म्हणाली.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. एजंटची मदत जरूर घ्या, पण प्रवेश अर्जात ई-मेल आणि फोन नंबर मुलांचा स्वतःचाच असू द्या. नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी येतं, कधी गळतं, आणि मग आमच्याकडे नोंद जुळवताना वेळ जातो. परमिटची फाईल लावण्याच्या आदल्या आठवड्यात मुलांनी कॉलेजच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर मेल करून एवढंच विचारावं, "माझा प्रवेश आज कायम आहे का?" मेल मुलांनीच करावा, कारण त्यांच्या संमतीशिवाय आम्हाला आईवडिलांनाही काही सांगता येत नाही.

आपली,
एक वाचक, मिसिसॉगा (कॅनडा)