गुद्रूनताई, तुमचं नाव घ्यायचं राहिलं

प्रिय गुद्रूनताई,

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते. जर्मन ज्यू कवयित्री नेली झाक्स यांनी नोबेलच्या मेजवानीत केलेलं छोटंसं भाषण मागच्या आठवड्यात वाचलं आणि एका वाक्यापाशी अडकून पडले. १० डिसेंबर १९६६. त्या दिवशी त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली होती. त्या सांगतात की १९३९ च्या उन्हाळ्यात माझी एक जर्मन मैत्रीण स्वीडनला लेखिका सेल्मा लागरलॉफना भेटायला गेली, माझ्यासाठी आणि आईसाठी आसरा मागायला. पुढे वाचवायला मदत करणाऱ्यांत सेल्माबाईंचं नाव येतं, स्वीडनच्या राजघराण्यातल्या चित्रकार प्रिन्स यूजेनचं येतं. तुम्ही मात्र 'एक जर्मन मैत्रीण' एवढ्याच.

यात नेलीबाईंचा दोष काढत नाही. युद्धानंतर त्यांनी तुम्हाला लिहिलेली पत्रं छापून आली आहेत, त्या तुम्हाला विसरल्या नव्हत्या. पण कवयित्री जगाला ठाऊक आहे, सेल्माबाई तर आहेतच, आणि दोघींच्या मधलं अंतर पायांनी कापणारी बाई कुणाच्या लक्षात नाही, हे मला सहन होईना.

त्या दोघींचा पत्रव्यवहार किती जुना होता, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत. पंधराव्या वर्षी नेलीच्या हाती सेल्माबाईंची पहिली कादंबरी पडली. कादंबरी आणि मुलगी, दोघींचं जन्मसाल १८९१. बर्लिनच्या सुखवस्तू ज्यू घरातली ही एकुलती एक मुलगी स्वीडनमधल्या लेखिकेला पत्रं लिहू लागली आणि तिकडून उत्तरंही येऊ लागली. १९२१ मध्ये आपलं पहिलं पुस्तक तिने त्यांनाच अर्पण केलं. सेल्माबाईंनी कळवलं, मला स्वतःलाही हे याहून चांगलं जमलं नसतं. नोबेल मिळालेल्या बाईने तिशीतल्या नवख्या लेखिकेला असं लिहावं! ते शब्द नेलीने किती वेळा वाचले असतील.

मग हिटलर आला आणि पत्रांतला सूर बदलला. वडील १९३० मध्येच गेले होते. घरात नेली आणि म्हातारी आई. आता पुस्तकांच्या गोष्टी मागे पडल्या. आम्हा दोघींना तुमच्या देशात कुठे जागा मिळेल का, एवढंच विचारायचं उरलं.

जागा कुणाकडेच नव्हती म्हणे. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देशांचे प्रतिनिधी जमले, निर्वासितांबद्दल हळहळले आणि जवळजवळ सगळ्यांनी दारं लावून घेतली. त्याच वर्षी जर्मनीने ज्यूंच्या पासपोर्टवर 'ज्यू' या अर्थी लाल 'जे' मारायला सुरुवात केली. सीमेवर माणसं ओळखून परत पाठवणं सोपं जावं, म्हणून हे स्वित्झर्लंडला हवं होतं, आणि स्वीडनलाही. तेच स्वीडन, जिथे नेलीला जायचं होतं. इतकी वर्षं झाली तरी हे वाचताना माझ्या हाताच्या मुठी वळतात.

अशा वेळी तुम्ही उठलात आणि निघालात. तुम्ही ज्यू नव्हता. जर्मनीत गप्प बसून राहिला असतात, तर कुणी बोट दाखवलं नसतं. सेल्माबाई तेव्हा ऐंशी वर्षांच्या, थकलेल्या. जगभरातून त्यांना पत्रं यायची, त्या ढिगात नेलीचंही एक. पत्र ढिगात राहू शकतं, ताई. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र आत घ्यावं लागतं. तुम्ही मोरबाकाला त्यांच्या घरी गेलात आणि त्यांच्याकडून शिफारशीच्या चार ओळी मिळवल्यात. प्रिन्स यूजेनपर्यंत पोचलात. पुढचे कागद कसे हलले, किती टेबलांवर थांबले, ते मी इथे सांगत बसत नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त तुमचं ते जाणं राहतं.

ते का राहतं, तेही सांगते. मागच्या वर्षी आईच्या ऑपरेशनच्या मदतीसाठी एका सहीवाचून आमचा अर्ज अडकला होता. ओळखीच्या मोठ्या माणसांना फोन केले. सगळे म्हणाले, "बघतो." एकाने तर नंतर फोन उचलणंच बंद केलं. शेवटी माझी एक मैत्रीण न सांगता रात्रीच्या एसटीने मुंबईला गेली आणि दिवसभर बाकड्यावर बसून सही घेऊन आली. कागद चुरगळू नये म्हणून तिने लेकीचं परीक्षेचं पॅड सोबत नेलं होतं, त्याला चिमटा लावून आणला. आई आता घरी आहे, चालते-फिरते. पण ते पॅड आठवलं की अजून माझा घसा दाटून येतो. तुमच्या पिशवीतही सेल्माबाईंच्या ओळी अशाच जपून ठेवलेल्या असणार, असं मला वाटत राहतं.

१६ मार्च १९४० ला सेल्माबाई गेल्या. इतक्या वर्षांची पत्रं, आणि प्रत्यक्ष भेट झालीच नाही. एप्रिलमध्ये डेन्मार्क आणि नॉर्वेत जर्मन सैन्य घुसलं. व्हिसा आला तेव्हा नेलीला श्रमछावणीत हजर होण्याचा हुकूमही आलेला होता. ज्या पोलीस अधिकाऱ्यापुढे तिला जावं लागलं, त्यानेच सांगितलं, रेल्वेची तिकिटं फाडून टाका, विमानाने जा. त्या वर्दीतही कुणाला तरी माणुसकी आठवली. १६ मे १९४० ला मायलेकी स्टॉकहोमला उतरल्या.

पुढे स्टॉकहोमच्या एका खोलीच्या घरात, आईची झोप मोडू नये म्हणून, नेलीबाई रात्री स्वयंपाकाच्या कोपऱ्यात बसून लिहायच्या. छावण्यांच्या धुराड्यांवरची, धूर होऊन गेलेल्या माणसांवरची ती कविता तिथली. १९४७ मध्ये ती कविता असलेला संग्रह बर्लिनमध्येच छापला गेला. ती कविता वाचताना मला आधी तुमचे पाय दिसतात, ताई. ते त्या उन्हाळ्यात चालले नसते, तर तो कोपरा नसता, ती ओळ नसती, आईची ती झोपही नसती.

माझ्या मैत्रिणीचं नाव इथे लिहीत नाही, तिने बजावलंय. तुमचं लिहिते. गुद्रून हारलान, लग्नानंतरच्या गुद्रून डेनर्ट. तुमचे फार फार आभार.

तुमची,
एक वाचक