उद्यमनगरातल्या सामाईक स्टुडिओसाठी आवाहन

कोल्हापूरकरांनो, सस्नेह नमस्कार.

शिवाजी उद्यमनगरातल्या एका बंद फाउंड्रीची पत्र्याची शेड आम्ही काही चित्रकार-शिल्पकारांनी मिळून भाड्यानं घेतली आहे. भाडं वाजवी आहे, पण भिंती काजळलेल्या, उजेड फक्त दारातून येणारा आणि पावसात पत्रा गळणारा. तिथं बसून काम करता यावं, यासाठी तुमची मदत हवी आहे.

आधी आर्ट गॅलरी काढा, असं बरेच जण सुचवतात. प्रदर्शनासाठी शाहू स्मारक भवनात दालन आहे आणि ते काही दिवसांपुरतंच लागतं. कामाला जागा मात्र वर्षभर लागते. कला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पोरानं दोन खोल्यांच्या घरात चार फुटी कॅनव्हास उभा कुठं करायचा? टर्पेंटाइनच्या वासानं घरचे वैतागतात, शाडूचं ओलं पोर्ट्रेट खाटेखाली सरकवता येत नाही. मग तो फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायला लागतो आणि ब्रश सुटतो. (त्या कामाला नावं ठेवत नाही; आमच्यातल्या काहींचं घर त्यावरच चालतं.)

आनंदराव आणि बाबूराव पेंटर या नात्यातल्या भावांनी नाटकांचे पडदे रंगवले, त्यांच्या हाताखाली दामले-फत्तेलाल तयार झाले आणि 1929 साली प्रभात ही चित्रपट कंपनी काढणाऱ्यांत दामले-फत्तेलाल होते. एकमेकांचा हात बघत शिकायची ही रीत कोल्हापूरचीच. घराघरांत एकेकटं बसून ती टिकत नाही.

सगळ्यात आधी छताचं काम करायचं आहे. उत्तरेकडचे काही पत्रे काढून तिथं पारदर्शक पत्रे बसवायचे, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. त्यानंतर एक्झॉस्ट फॅन, माती भिजवायला हौद आणि एक भक्कम माळा. माळा फक्त आमच्यासाठी नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात शाहूपुरी कुंभार गल्लीत पाणी शिरलं, ऐन हंगामात मूर्ती भिजल्या. पुन्हा तशी वेळ आली, तर मूर्ती हलवायला ही शेड खुली राहील.

दरमहा दोनशे रुपये देणारी शंभर माणसं मिळाली, तर भाडं आणि वीजबिल सुटेल. पैसे नकोत तर वस्तू द्या: ईझल (कॅनव्हास उभा करायची घोडी), डाँकी (बसून चित्र काढायचं बाक), मॉडेलिंग स्टँड, ट्यूबलाइट, जुनी कपाटं. वेल्डर, वायरमन आणि गवंडी मंडळींनी एखादा रविवार दिला तरी मोठं काम होईल.

रोख रकमेची पावती जागेवरच मिळेल. 80जी ची नोंदणी अजून झालेली नाही, त्यामुळे करसवलत मिळणार नाही, हे आधीच सांगतो. रोज संध्याकाळी पाचनंतर शेडवर कुणी ना कुणी असतंच. देणगी द्यायची नसली तरी काम बघायला या. लहान मुलांना आणणार असाल तर जुने कपडे घालून आणा.